भासऱ्याचं नाव

ती बाई पहिल्यांदा कचेरीत आली तेव्हा मी तिला हाकलून दिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून चांगुलपणाचा आव आणायला नको. जेवायची सुट्टी होती, टेबलावर डबा उघडलेला, आणि ही दारात उभी राहून म्हणते, "भाऊ, त्यायले आनलं काय?" कोणाला आणलं, कुठून आणलं, काही पत्ता नाही. मी म्हणालो, "बाई, ही काय एस.टी.ची चौकशीची खिडकी आहे? तीन वाजता या." ती गेली आणि बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिली. तीन वाजता पुन्हा दारात. "त्यायले आनलं काय?"

मला वाटलं कोणी सासरा-बिसरा दवाखान्यात असेल. इतक्या अदबीनं विचारत होती. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कारकुनानं मला सांगितलं, "अरे बावा, तिच्या नवऱ्याले ज्यानं मारलं, त्याचं विचारून राहिली ते."

गोष्ट अशी. मोताळ्याजवळच्या एका खेड्यात तिचा नवरा भाजीपाला पिकवायचा. विहीर दोन घरांत सामाईक, त्याची आणि त्याच्या थोरल्या चुलत भावाची. मोटेच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. एका सकाळी पाळीवरून बोलाचाली झाली, आणि चुलत भावानं कुऱ्हाड घातली. ही दहा पावलांवर वांगी तोडत होती. तिनं सगळं पाहिलं. दुसरं कोणी तिथे नव्हतं. बुलडाण्याला सेशन कोर्टात खटला चालला, जन्मठेप झाली. मग वरच्या कोर्टात अपील, अपिलात दुखण्याचं कारण दाखवून जामीन, आणि जामिनावर गडी पसार.

पसार म्हणजे कुठं, तर थेट परदेशात. कोणत्या वाटेनं गेला, देव जाणे. आमच्याकडून माणूस मुंबईला जायचा तर आठ दिवस आधी गावाचा निरोप घेत फिरायचा, आणि हा समुद्र ओलांडून गेला. जरा शिकलेला होता, सभांमधून बोलायचा, कुठल्याशा चळवळीत महिनाभर तुरुंगात बसून आलेला होता. तिथल्या सरकारला त्यानं सांगितलं की मी राजकारणातला माणूस, सरकारनं माझ्यावर खोटा खटला रचला, परत धाडलंत तर माझा जीव घेतील. त्यांनी ते खरं मानलं आणि त्याला आश्रय दिला. घ्या! इथं त्याला ग्रामपंचायतीत कोणी निवडून दिलं नाही, तिथं तो पुढारी झाला.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या कचेरीत अजून जुन्या प्रांताचे छापील फॉर्म होते, वरचं नाव खोडून आम्ही ते वापरत होतो. जुन्या कारकुनांची नजर नागपूरकडे, आणि कागद आता मुंबईला जायचे. तिथून दिल्लीला, दिल्लीहून पुढे. त्या फाइलीवर इंग्रजी नीट येणारा माणूस हवा होता. माझं इंग्रजी बरं आणि टाइपिंग चांगलं, म्हणून हेडक्लार्कनी ती माझ्या अंगावर टाकली. 'प्रत्यार्पण' हा शब्द मी तेव्हा शिकलो. तिला समजावून सांगताना मात्र तो काही कामाचा नव्हता.

"म्हणजे त्याला त्या देशाकडून मागून घ्यायचं," मी म्हणालो.

"आपलाच मानूस, आपल्याच कोर्टानं शिक्षा देल्ली. मंग मागा काऊन लागते?"

"देश त्यांचा आहे ना बाई."

"पन मानूस तर आपला हाय."

दिल्लीवाल्यांनाही ह्याचं उत्तर देता आलं नसतं. मी म्हणालो, "आम्ही लिहून राहिलो आहोत." सरकारी नोकरीत हे वाक्य पहिल्या महिन्यात येतं आणि पेन्शनीपर्यंत पुरतं.

ती बाजाराच्या दिवशी मोताळ्याला भाजी विकायची आणि महिन्यातून एकदा घाट चढून बुलडाण्याला यायची. येताना मेथीची जुडी नाहीतर चार वांगी घेऊन यायची आणि मी नको म्हटलं की टेबलाखाली ठेवून जायची. मी तिच्यावर खेकसायचो. तरी हळूहळू तिच्याकडून कळत गेलं की तिला नेमकं काय पाहिजे आहे. मला वाटायचं सूड. तसं नव्हतं.

"गावात लोक आता काय म्हनतात माहीत हाय काय तुमाले?" एकदा ती म्हणाली. "म्हनतात, एवढ्या मोठ्या सरकारनं त्यायले ठेवून घेतलं, म्हंजे त्यायनं मारलंच नसंन. मंग मारलं कोनं? तिथं कोन होतं दुसरं? मीच होती ना भाऊ."

मी टाइप करता करता थांबलो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुऱ्हाडीनं मारलेला माणूस, विहिरीवर दोघंच आणि ही. एक निर्दोष ठरला की उरतं कोण? त्याच्या घरच्यांनी तर त्यानं परदेशातून पाठवलेला फोटो काचेत बसवून ओसरीत टांगला होता. ओव्हरकोट घातलेला, मोटारीला टेकून उभा. पाण्याला जायची वाट त्या ओसरीवरून. बायका विहिरीवर तिच्या शेजारी घागर ठेवत नव्हत्या. सासूनंही तिच्या हातचं जेवण सोडलं होतं.

"मले त्यायले फाशी नोको," ती म्हणाली. "एक डाव गावात आना. मोटारीतून उतरवा, हातात बेड्या घालून, साऱ्यायच्या देखत. मंग न्या कुठं न्यायचं तिथं."

त्या दिवसापासून मी ती फाइल मनावर घेतली. खरंच घेतली. स्मरणपत्रं लिहिली, हेडक्लार्कशी भांडलो, साहेबांच्या दालनात दोनदा न बोलावता गेलो. कधी नव्हे ते काम करावंसं वाटलं.

वर्षभरानं तिकडच्या कोर्टाकडून कागद आला. निकालाच्या आणि साक्षींच्या नकला त्यांनी वाचल्या होत्या. त्यांचं म्हणणं, साक्षीदार एकच, आणि तिच्या साक्षीत आरोपीचं नाव कुठंच नाही. तिनं नेमकं कोणाला पाहिलं?

मी साक्ष काढून पाहिली. खरंच नाव नव्हतं. पण आमच्या भागातल्या कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. नवऱ्याचा थोरला भाऊ, सख्खा असो की चुलत, आमच्याकडे भासरा. बाई त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर सोडत नाही, त्याच्याशी तोंडाला तोंड देत नाही आणि त्याचं नाव घेत नाही. नवऱ्याचं एकवेळ उखाण्यात तरी घेईल, भासऱ्याचं नाही. सरकारी वकिलानं तिला विचारलं होतं, कोणी मारलं? ती म्हणाली, "आमच्या भासऱ्यायनं." वकील म्हणाला, नाव सांगा. ती गप्प. तेव्हा जज्जसाहेबांनीच वकिलाला थांबवलं होतं, राहू द्या, नाव नाही घेणार ती. हेच का ते, म्हणून पिंजऱ्याकडे हात केला. तिनं तिकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून पाठ फिरवली. जज्जसाहेब आपल्याच मुलखातले होते. त्यांनी लिहून घेतलं, साक्षीदाराने आरोपीस ओळखले. भर कोर्टात त्याहून चांगली ओळख कोणती असणार? पण नक्कल वाचणारा माणूस समुद्रापलीकडचा.

त्यांनी नवं शपथपत्र मागितलं होतं. साक्षीदारानं नाव सांगावं, फोटो पाहून ओळखावं, दंडाधिकाऱ्यासमोर. पोलिसांनी तो ओसरीतला ओव्हरकोटवाला फोटो काचेसकट उचलून आणला. बाजाराचा दिवस धरून आम्ही मोताळ्याला गेलो, मी आणि दंडाधिकारी म्हणून एक नायब तहसीलदार. चावडीत टेबल टाकलं. ती भाजीची टोपली दुसरीच्या हवाली करून आली, हात पदराला पुसत.

मी फोटो तिच्यापुढं धरला. तिनं पाहिला आणि तिचा हात आपोआप डोक्याकडं गेला. पदर कपाळाच्या खाली आला, ती बाजूला वळली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. फोटोपुढं! नवऱ्याला मारणाऱ्याच्या कागदी फोटोपुढं ती बाई पदर घेऊन उभी होती.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

माझ्या मनात आलं, हिला आता नाव काय विचारायचं? विचारलं तर ही मरून जाईल लाजेनं. माझी स्वतःची बायको रेशनकार्डाच्या खिडकीशी माझं नाव सांगायला शेजारणीला पुढं करायची. मी म्हणालो, "असू द्या बाई. नाव मी लिहितो. तुम्ही फक्त अंगठा करा." नायब तहसीलदारही म्हणाले, "हो हो, लिहा. माहीतच आहे." मी इंग्रजीत झोकात लिहिलं: मी त्याला नावानिशी ओळखते, त्याचं पूर्ण नाव अमुक, फोटोतला माणूस तोच. सगळं तिच्या तोंडी घातलं. मराठीत वाचूनही दाखवलं, पण नाव आलं तिथं तिचा मान राखून आवाज खाली आणला. तिनं अंगठा केला. मला वाटलं, काय अवघड काम सोपं केलं! घरी येऊन बायकोला सांगितलं. तीही म्हणाली, "बरं केलं. बिचारीला तोंडानं नाही घ्यावं लागलं."

शपथपत्र गेलं. आठ महिने काही नाही. मग आली लेखी प्रश्नावली. त्याच्या वकिलानं तिकडच्या कोर्टाकडून बुलडाण्याच्या मॅजिस्ट्रेटकडे प्रश्न धाडले होते. साक्षीदाराला हेच प्रश्न विचारायचे, ह्याबाहेर एक शब्द नाही, उत्तर जसंच्या तसं लिहायचं. भाषांतरकार म्हणून मलाच बसवलं.

पहिले पाच-सहा प्रश्न साधे होते. विहीर किती लांब, ऊन होतं का, डोळ्यांना दिसतं का. ती नीट उत्तरं देत होती. मग मॅजिस्ट्रेटनी वाचलं, "शपथपत्रातले आरोपीचे नाव तुम्ही स्वतः तोंडाने सांगितले का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत काही तक्रार नव्हती. माझं कौतुकच होतं.

"नाई," ती म्हणाली. "नाव यायनं टाकलं."

"फोटोतल्या माणसाचा चेहरा तुम्ही किती वेळ पाहिला?"

"कुठं पाह्यला? पदर घेतला ना मी."

मॅजिस्ट्रेटनी पेन ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. ते पडले सोलापूरकडचे, पण त्यांनाही कळलं. कळून उपयोग काय? ह्याबाहेर एक शब्द नाही. मी माझ्या पुढ्यातल्या कागदाकडं पाहत बसलो. खोटं सांगत नाही, माझ्या मनात पाप आलं होतं. इंग्रजीत थोडं इकडचं तिकडं केलं असतं तर तिथं कोणाला कळणार होतं? पण मॅजिस्ट्रेट समोर, खाली माझी सही. मी जसंच्या तसं लिहिलं. तो प्रामाणिकपणा नव्हता, भीती होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बराबर सांगतलं ना भाऊ मी?" मी म्हणालो, "बरोबर सांगितलं."

पुढचं कोणीही सांगेल. तो तिकडं ओरडून सांगत होता की सरकार माझ्याविरुद्ध खोटे कागद करतं, आणि मी सरकारी कारकुनानं त्याला तसा कागद करून दिला, वर अंगठ्यासकट. अर्ध्या पानाचं उत्तर आलं. विनंती अमान्य, आश्रय कायम. कारण एकच: साक्षीदाराच्या नावावर घातलेलं विधान तिचं नाही. हेडक्लार्कनी वाचलं, फाइलीला दोरी बांधली आणि म्हणाले, "चला, संपलं." माझ्यावर कोणी ठपकासुद्धा ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं.

ती पुढच्या महिन्यात आली. मी तिला खुर्ची दिली, ते पाहूनच तिला कळलं असावं. ती खाली बसली, खुर्चीवर नाही.

"नाई म्हनले काय?"

"नाही म्हणाले."

"काऊन?"

मी बराच वेळ घोळ घातला. मुंबई, दिल्ली, कायदा. ती ऐकत राहिली. शेवटी मी सांगून टाकलं की नाव तुम्ही घ्यायला पाहिजे होतं, तुमच्या तोंडानं, आणि घेतलं मी.

"एवढ्यासाठी?"

"हो."

"मी नाव घ्या लागत होतं?"

"हो बाई."

"मंग तुमी मले इचारलं काऊन नाई?" तिचा आवाज चढला, आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वर झाली. "जज्जानं नाई इचारलं, त्या तहसीलच्या साहेबानं नाई इचारलं, तुमी नाई इचारलं! साऱ्यायनं आपल्या मनानंच ठरवलं, हे नाई घेनार म्हनून! अवो, मानूस खाल्ला त्यानं माहा! माह्यावर आळ आला! मी नाव घ्याले भेली असती काय?"

आणि तिनं नाव घेतलं. आडनावासकट, बापाच्या नावासकट. पदर डोक्यावरून खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. पुन्हा घेतलं, मोठ्यानं. दोन शिव्याही घातल्या. त्याआधी ती नेहमी मानानं 'त्यायनं' म्हणायची; 'त्यानं' म्हणताना तिला कोणी ऐकलं नव्हतं.

"लिवा आता," ती म्हणाली. "लिवा अन् धाडा."

आता कुठं धाडणार? अपील नाही, मुदत नाही, फाइल बांधून वर ठेवलेली. बैल गेला आणि झोपा केला. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण ती अंगठा पुढं करून उभी होती. मी कोरा कागद ओढला. तिनं जे म्हटलं ते तिच्याच शब्दांत, शिव्या सोडून, लिहिलं. नाव तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा इतका दाबला की कागद फाटतो की काय असं वाटलं.

तो कागद मी खणात ठेवला.

ती पुढच्या महिन्यात आली. "गेला काय कागद?"

खरं सांगायचं म्हणून मी दोन रात्री शब्द जुळवले होते. तोंडातून निघालं, "गेला."

"मंग येईन आता उत्तर."

"वेळ लागतो," मी म्हणालो.

त्यानंतर ती दर महिन्याला यायची. पाऊस असो की ऊन, घाट चढून. गावात तिनं सांगितलं होतं की मी नाव घेतलं, कागद गेला, आता त्याला पकडून आणतात. आधी काही बायका तिच्याशी बोलायला लागल्या, मग उत्तर येत नाही म्हटल्यावर पुन्हा बंद झाल्या. सासू गेली ती तिच्या हातचं पाणी न पिता. हे सगळं ती मला सांगायची आणि मी टाइपरायटरच्या कळा पुसत "वेळ लागतो" म्हणायचो. कबूल करायची हिंमत एकदाही झाली नाही. मी भेकड माणूस आहे, आणि हे वय झाल्यावर लिहायला काय जातं? तेव्हा तिच्या तोंडावर म्हणायचं होतं.

तीन वर्षांनी माझी बदली मेहकरला झाली. खण रिकामा करताना तो कागद मी सामानात घातला, नव्या माणसाच्या हाती पडायला नको म्हणून. त्याच दिवशी ती आली. केस पांढरे झाले होते, दम लागला होता. मी बदलीचं सांगितलं.

"मंग आता मी कोनाले इचारू?"

"नवे बाबू येतील, त्यांना विचारा."

"त्यायले काय माहीत असनार माहं?" ती म्हणाली, आणि जाता जाता दारातून वळली. "त्यायले तेवढं सांगून ठेवजा भाऊ, मी नाव घेतलं म्हनून."